पंचवटीतला फ्लॅट, अकरा महिन्यांचा कागद आणि 2027चा सिंहस्थ: एका भाडेकराराचं प्रकरण

नाशिकमध्ये वकिली करताना घरभाड्याचे करार हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग असतो. हे प्रकरण 2025च्या उन्हाळ्यातलं आहे. भाडेकरू आणि घरमालक, दोघांनीही ते लिहायला परवानगी दिली. नावं बदलली आहेत. नोकऱ्यांचे तपशील आणि रकमाही ओळख पटणार नाही इतपत बदलल्या आहेत. कायद्याचा भाग मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

पार्श्वभूमी

नितीन आणि वैशाली छत्रपती संभाजीनगरहून नाशिकला येत होते. नितीनला अंबड एमआयडीसीत सुपरवायझरची नोकरी लागली होती, वैशालीला आडगाव नाक्याजवळच्या एका लॅबमध्ये. मुलगी जूनमध्ये चौथीत जाणार होती. अंबडला नोकरी म्हटल्यावर सिडको, पाथर्डी फाटा, इंदिरानगर या भागात घर बघणं सरळ होतं. पण वैशालीची आई म्हसरूळला राहते आणि शाळा सुटल्यावर मुलीला तीच सांभाळणार होती. म्हणून रोज शहर ओलांडून कामाला जायची नितीनने तयारी ठेवली आणि घर पंचवटीत शोधायचं ठरलं.

हिरावाडी भागात दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके पसंत पडला. भाडं महिना 15,000, डिपॉझिट 60,000, एजंटची दलाली एक महिन्याचं भाडं. घर दाखवणारे गृहस्थ निवृत्त झालेले आणि त्याच इमारतीत खाली राहणारे. पहिल्याच भेटीत ते ‘काका’ झाले, त्यांची पत्नी ‘काकू’. काकूंनी चहा केला, मुलीला हातात लाडू दिला. काका म्हणाले, “घर आपलंच समजा. तीन वर्षं राहा, पाच वर्षं राहा. चांगली माणसं मिळाली की आम्हाला दुसरं काही नको.”

त्याच संध्याकाळी नितीनने एजंटला 5,000 रुपये टोकन पाठवलं. रात्री एजंटने मोबाइलवर कराराचा मसुदा पाठवला. सोबत निरोप होता: “नेहमीचाच फॉरमॅट आहे. उद्या 500च्या स्टॅम्पवर नोटरी करून घेऊ. दुसरी पार्टी थांबलीय.”

मसुदा इंग्रजीत होता. तो वैशालीने वाचायला घेतला. घाईत वाचून तिला फार काही खटकलं नाही, पण एका कलमात घराऐवजी ‘सेड शॉप’ असे शब्द दिसले. दुकानाच्या करारावरून हा कागद उचलला असेल, तर बाकीच्या कलमांत तरी आपल्या घराचं काय लिहिलंय, असा प्रश्न तिला पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी नोटरीकडे जाण्याऐवजी ते दोघं माझ्याकडे आले.

मसुद्यात काय होतं

एकेक कलम मी त्यांना मराठीत सांगत गेले. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मुदतीची. करार अकरा महिन्यांचा होता. भाडेकरूला अकराही महिने लॉक-इन, म्हणजे त्याआधी घर सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं द्यायचं. घरमालकाला मात्र कोणतंही कारण न देता 30 दिवसांच्या नोटिशीवर घर रिकामं करून घेता येणार होतं. नूतनीकरण ‘घरमालकाच्या इच्छेनुसार’. काकांच्या तोंडची तीन वर्षं आणि कागदावरचे तीस दिवस यांचा कुठेच मेळ बसत नव्हता.

दुसरी गोष्ट पैशांची. कागदावर भाडं 9,000 होतं आणि डिपॉझिट 25,000. वरचे सहा हजार दरमहा रोख, डिपॉझिटचे 35,000ही रोख. “टॅक्सचं असतं, सगळेच असं करतात,” असं एजंटने फोनवर सांगितलं होतं.

तिसरी गोष्ट मला सही कोणाची आहे ते पाहताना दिसली. घरमालक म्हणून काकांचं नाव होतं. पण वैशालीने घर बघताना दाराजवळच्या पेटीतल्या वीजबिलाचा फोटो काढून ठेवला होता आणि त्यावर दुसरंच नाव होतं, आडनाव मात्र तेच. मी घरपट्टीची पावती मागवायला सांगितली. फ्लॅट काकांच्या मुलाच्या नावावर होता आणि मुलगा पुण्यात नोकरीला. काकांकडे कुलमुखत्यारपत्र, म्हणजे मुलाच्या वतीने सही करण्याचा लेखी अधिकार, नव्हतं. वडील-मुलात सगळं आलबेल होतं, फसवणुकीचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. तरीही काकांची सही त्या घरासाठी पुरेशी नव्हती. उद्या मुलाने ‘मी कुठे दिलंय घर?’ म्हटलं असतं तर नितीनच्या हातात दाखवण्यासारखं फारसं काही उरलं नसतं.

बाकीची कलमं पटकन सांगते. सगळ्या दुरुस्त्या भाडेकरूकडे, अगदी बांधकामाच्यासुद्धा. हे दुकानाच्या करारातून आलेलं असणार. सोसायटीचे ‘सर्व प्रकारचे आकार’ भाडेकरूकडे. डिपॉझिट ‘हिशोब करून’ परत, पण किती दिवसांत ते नाही. घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापणार, मग कोणी दोन वर्षं राहो की चार महिने. आणि घरमालकाला केव्हाही घरात येऊन पाहणी करण्याचा हक्क.

कायदा कुठे उभा आहे

या जोडप्याला मी जे सांगितलं ते घर भाड्याने घेणाऱ्या प्रत्येकाला सही करण्याआधी कळावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून इथे थोडं थांबते.

आपल्याकडे घरभाड्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू होतो. तो 31 मार्च 2000पासून अमलात आहे. आज राहण्यासाठी दिलेली बहुतेक घरं ‘लिव्ह अँड लायसन्स’वर दिली जातात. म्हणजे घर वापरायची परवानगी मिळते, घरात हक्क निर्माण होत नाही. या कायद्याच्या कलम 24नुसार मुदत संपल्यावर घर परत मिळवण्यासाठी मालकाला नेहमीच्या दिवाणी दाव्याच्या वाटेने जावं लागत नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. याच कलमात आणखी एक वाक्य आहे, ज्याकडे फारसं कोणी पाहत नाही: लेखी करारात जे नमूद केलं आहे, त्या गोष्टीचा तो करार हाच निर्णायक पुरावा मानला जातो. काकांची ‘तीन वर्षं राहा’ ही वाक्यं प्रामाणिक असतीलही. प्रकरण प्राधिकाऱ्यापुढे गेलं की तिथे अकरा महिनेच वाचले जाणार.

कलम 55 नोंदणीचं. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, हा समज नाशिकमध्ये घरोघरी आहे. नोंदणी कायदा, 1908मध्ये एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, तिथून तो आला. पण महाराष्ट्रात कलम 55 मुदत बघत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो तसा करण्याची जबाबदारी घरमालकाची. ती न पाळणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 500च्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली, असं नाही.

यावर नितीनने एक चांगला प्रश्न विचारला. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, असंही कलम 55मध्येच आहे ना? मग नोंदणी नसणं आमच्याच फायद्याचं नाही का? आहे, कलमात तसं आहे, पण ‘उलट सिद्ध होत नाही तोवर’ एवढी मर्यादाही तिथेच आहे. शिवाय तो फायदा घ्यायला आधी भांडण व्हावं लागतं, ते कचेरीत जावं लागतं, आणि तोवर चौथीतली मुलगी, दोन नोकऱ्या आणि खाली राहणारे काका-काकू यांच्यात रोजचे दिवस काढावे लागतात. नोंदणीकृत करार नसला की पत्त्याचा पुरावा म्हणूनही अडतं. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांसाठी अर्ज करणाऱ्या, भाड्याने राहणाऱ्या पालकांना दर वर्षी हा अनुभव येतो. तिथे नोंदणीकृत भाडेकरारच मागतात.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, आहे तसं सही करून मोकळं व्हायचं. शाळा जूनमध्ये सुरू होणार होती, संभाजीनगरचं घर सोडायची तारीख ठरली होती आणि टोकन गेलं होतं. शिवाय माणसं चांगली होती. या पर्यायाची ओढ किती असते ते मी रोज बघते.

दुसरा पर्याय नितीनच्या मोठ्या भावाने सुचवला: सही करा, आत शिरा, मग बघू कोण बाहेर काढतंय. जुन्या पागडीच्या वाड्यांच्या, जिथे भाडेकरूला सहज काढता येत नाही, त्या गोष्टी ऐकून हा सल्ला दिला जातो. लिव्ह अँड लायसन्सच्या घरात तो लागू पडत नाही, आणि दुप्पट भरपाईचं ओझं भाडेकरूच्याच डोक्यावर येतं. पण मला तो सल्ला नकोसा वाटतो त्याचं कारण वेगळं आहे. ज्या घरात आपण मूल वाढवणार, तिथे पहिल्या दिवसापासून मनात फसवणूक धरून राहायचं, हे त्या दोघांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. वैशालीने तो पर्याय लगेच बाजूला ठेवला.

तिसरा पर्याय हे घर सोडून दुसरं बघायचं. टोकन बुडण्याची शक्यता होती. मखमलाबाद रोडला एक फ्लॅट होता, भाडं 1,500ने जास्त आणि आजीच्या घरापासून लांब.

चौथा पर्याय म्हणजे काकांशी सरळ बसून बोलायचं आणि मसुदा बदलून घ्यायचा. याला दोघं कचरत होते. “ते म्हणतील, आत्ताच एवढं कायद्याचं बोलतायत, पुढे काय करतील,” वैशाली म्हणाली. ही भीती खरी असते. घरं कमी आणि घेणारे जास्त असलेल्या भागात, जास्त प्रश्न विचारणारा भाडेकरू नाकारला जातो.

शेवटी असं ठरलं की चौथा पर्याय आधी, तो फसला तर तिसरा. आणि बोलायला जाताना मागण्यांची यादी न नेता तीनच गोष्टी न्यायच्या: सही मुलाची हवी, खरा आकडा कागदावर हवा, आणि मुदतीचं नक्की काय ते कळायला हवं. दुरुस्ती, रंग, मेंटेनन्स यावर नंतर बोलता येतं. या तीन गोष्टी नसतील तर बाकीचं लिहून घेण्यात अर्थ नाही.

बोलणं

रविवारी काकांच्या घरी बसले. मुलगाही पुण्याहून आला होता. काकांच्या इच्छेने मीही गेले, कारण त्यांनाही काही विचारायचं होतं. एजंटला या बैठकीला बोलवलं नव्हतं, आणि मला वाटतं ते बरं झालं; त्याच्या मधल्या निरोपांतून दोन्हीकडे अर्धवट गोष्टी पोहोचत होत्या.

सहीचा विषय दोन मिनिटांत मिटला. मुलगा म्हणाला, “मीच करतो की सही, मला कोणी विचारलंच नाही.”

भाड्याच्या आकड्यावर वेळ गेला. काकांचं म्हणणं होतं की 15,000 दाखवले तर मुलाचा टॅक्स वाढेल आणि नोंदणीला दहा हजार रुपये जातील. दोन्ही आकडे कोणीतरी सांगितलेले, कोणी मांडलेले नव्हते. मग आम्ही कागदावर मांडले. घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते, त्यासाठी खर्चाच्या पावत्या लागत नाहीत. वर्षाच्या 1,80,000 भाड्यापैकी करपात्र धरली जाणारी रक्कम 1,26,000च्याही आत येत होती. फ्लॅटवर गृहकर्ज होतं, त्याच्या व्याजाचा हिशेब वेगळाच. मुलाने तिथेच मोबाइलवर आकडे टाकून पाहिले आणि वडिलांना सांगितलं की यासाठी लपवाछपवी करण्याची काही गरज नाही.

नितीनने आपली बाजूही मांडली. तो जुन्या कररचनेत होता आणि घरभाडे भत्त्याची सूट घेणार होता. वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असलं की कंपनी घरमालकाचा पॅन मागते. कागदावर 9,000 असते तर त्याला दरमहा सहा हजारांची सूट सोडावी लागली असती. त्याहून मोठी गोष्ट डिपॉझिटची होती. रोख दिलेले 35,000 रुपये कागदावर नसतील, तर परत मागताना ते दिलेच होते हे दाखवायचं कशाने? “काका, तुम्ही देणारच,” नितीन म्हणाला, “पण तुम्हाला काही झालं तर दादांना कसं कळणार मी किती दिले होते?” मला वाटतं या एका वाक्याने काकांचं मन वळलं. संशय म्हणून घेतलेला प्रश्न त्यांना एकदम काळजीचा वाटला.

मग मुदत. तीस दिवसांची नोटीस कशासाठी, असं वैशालीने अगदी साधेपणाने विचारलं. काका थोडं अवघडले आणि मग खरं कारण बाहेर आलं: सिंहस्थ. 2027च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पर्वकाळाला पंचवटीत पाय ठेवायला जागा नसेल. रामकुंड आणि तपोवनाच्या आसपासची घरं त्या दिवसांत भाविकांना दिली जातात. 2015च्या सिंहस्थात शेजाऱ्यांनी वरच्या खोल्या दिल्या होत्या, आणि तेव्हा काकांना ते जमलं नव्हतं. शिवाय काकूंच्या माहेरचं सगळं गणगोत स्नानाला येणार, त्यांना उतरायला जागा हवी. एजंटला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की ‘त्या वेळी घर हातात पाहिजे’. त्याने त्याचं 30 दिवसांचं कलम केलं.

इथे प्रकरणाचा सूर बदलला. तोवर दोन्ही बाजूंना वाटत होतं की समोरचा काहीतरी राखून बोलतोय. आता कळलं की काकांना दोन वर्षांनंतरचे काही महिने हवे आहेत आणि या कुटुंबाला शाळेच्या वर्षाच्या मध्ये बिऱ्हाड हलवायचं नाही. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नव्हत्या.

केलेली कृती

करार 24 महिन्यांचा ठरला, 1 जून 2025 ते 31 मे 2027. म्हणजे मुलीची पाचवीची परीक्षा होऊन सुट्टी लागल्यावर घर सोडायचं, आणि सिंहस्थाच्या स्नानांआधी काकांच्या हातात दोन महिने रंगरंगोटीला. पहिले बारा महिने दोन्ही बाजूंना लॉक-इन. त्यानंतर दोन्ही बाजूंना दोन महिन्यांची लेखी नोटीस, पण घरमालकाने ती द्यायची तर घर सोडण्याची तारीख एप्रिल-मेमध्येच पडली पाहिजे. हे शेवटचं वाक्य वैशालीने सुचवलं आणि मुलाने लगेच मान्य केलं.

भाडं पहिल्या वर्षी 15,000, दुसऱ्या वर्षी पाच टक्के वाढून 15,750. डिपॉझिट 60,000च राहिलं, पण सगळं बँकेतून आणि सगळं कागदावर. डिपॉझिटवर मर्यादा असते का, असं नितीनने विचारलं होतं. केंद्राच्या 2021च्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, पण तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे 1999चाच कायदा चालतो, त्यामुळे ही रक्कम घासाघिशीवरच ठरते. इथे काका हटले नाहीत आणि नितीननेही ताणलं नाही.

मुद्रांक शुल्काचा हिशेब मी सगळ्यांसमोर केला, कारण दहा हजारांची धास्ती त्यानेच गेली. दोन वर्षांचं भाडं 3,69,000. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज, दोन वर्षांचं 12,000. बेरीज 3,81,000, त्याच्या 0.25 टक्के म्हणजे साधारण 950 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. त्यावर दस्त हाताळणीचे किरकोळ पैसे आणि ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्याची मजुरी. नोंदणी मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशनमधून केली. दुय्यम निबंधक कार्यालयात रांग लावावी लागली नाही. घरी मशीन आणून आधारवर अंगठे घेतले, मुलाचा अंगठाही त्याच रविवारी झाला. खर्च दोघांनी अर्धा-अर्धा वाटून घेतला.

दुरुस्तीचं कलम नव्याने लिहिलं. गळती, भिंतीतल्या पाइपा, वायरिंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग हे मालकाचं; नळाचे वॉशर, बल्ब, पंख्याचा कंडेन्सर असलं रोजचं भाडेकरूचं. मालकाने कळवल्यापासून दहा दिवसांत काम सुरू केलं नाही तर भाडेकरूने करून घ्यावं आणि बिलाची रक्कम पुढच्या भाड्यातून वळती करावी. मेंटेनन्सचा महिन्याचा आकडा लिहिला. ‘सर्व प्रकारचे आकार’ काढून टाकले, कारण सोसायटी घर भाड्याने दिल्याबद्दल सभासदाकडून जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सभासदाचं देणं आहे. सरकारच्या 2001च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. रक्कम छोटी असते, पण मोघम शब्दांच्या आडून इमारतीच्या रंगाचा हप्ताही भाडेकरूच्या माथी येऊ शकतो.

डिपॉझिट घर सोडलेल्या दिवशी, मीटरचं रीडिंग घेऊन, शेवटच्या वीजबिलापुरती रक्कम राखून परत करायचं. रंगाचं कलम मात्र तसंच राहिलं, फक्त दोन वर्षं पूर्ण राहिल्यास अर्ध्या महिन्याचं भाडं कापायचं असं झालं. काकांना त्यात न्याय वाटत होता आणि वैशालीला सोडून देता येण्यासारखं वाटलं. मला ते आवडलं नाही. दोन वर्षांत भिंती वापराने मळतात, त्याला नुकसान म्हणत नाहीत. पण करार त्यांचा होता.

पोलिसांना भाडेकरूची माहिती मुलाने ऑनलाइन दिली. करार मराठीत झाला.

निष्पत्ती

2025च्या पावसाळ्यात बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आली. वैशालीने काकांना सांगितलं आणि कलमात होतं म्हणून मुलालाही मेसेज केला. काकांनी आठवड्यात माणूस आणून गच्चीचा सांधा भरून घेतला. करारातलं कलम कोणी उघडून वाचलं नाही, वाचायची वेळ आली नाही.

एक वाद झाला, आणि तो कागदाबाहेरच्या वस्तूवरून झाला. घरात एक जुना इन्व्हर्टर होता. त्याची बॅटरी दिवाळीच्या सुमारास बंद पडली. काका म्हणाले, चांगली चालणारी दिली होती. नितीन म्हणाला, पहिल्या दिवसापासून अर्धा तास टिकत होती. करारासोबतच्या यादीत ‘इन्व्हर्टर 1 नग’ एवढंच लिहिलेलं होतं, बॅटरीची स्थिती नाही. नवी बॅटरी दोघांनी अर्ध्या पैशात घेतली. पण काही आठवडे जिन्यात भेटल्यावर बोलणं कमी झालं होतं, असं वैशालीने सांगितलं.

5,000चं टोकन दलालीत वळतं झालं. एजंट नाराज होता, करार नोटरीऐवजी नोंदणीचा झाला म्हणून. नंतर त्याने त्याच्या आणखी दोन गिऱ्हाइकांना माझ्याकडे पाठवलं.

वेगळं काय करता आलं असतं

टोकन मसुदा वाचण्याआधी गेलं, तिथे या जोडप्याची बाजू सर्वांत कमकुवत झाली होती. पैसे पाठवतानाच ‘कराराचा मसुदा दोन्ही बाजूंना मान्य न झाल्यास टोकन परत’ एवढा मेसेज एजंटला करून त्याचं ‘हो’ घ्यायचं होतं. त्याने हो म्हटलं नसतं, तर तेही टोकन देण्याआधी कळलं असतं. पुढच्या दोन दिवसांत ‘पाच हजार बुडतील’ ही भीती प्रत्येक निर्णयात डोकावत होती.

घर कोणाच्या नावावर आहे हे वीजबिलाच्या फोटोमुळे समजलं आणि तो फोटो वैशालीने बिलाची थकबाकी बघायला काढला होता. घर पसंत पडल्यावर घरपट्टीची पावती किंवा खरेदीखताची सूची क्रमांक 2, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, मागायला हवी होती. ती मागण्यात अपमान काही नाही. भाडेकरूचं आधार, पॅन, नोकरीचं पत्र मालक मागतोच.

वस्तूंच्या यादीला आम्ही सगळ्यांनीच कमी वेळ दिला. मुदत आणि पैशांवर तास गेला आणि यादी शेवटी पाच मिनिटांत झाली. किल्ली हातात घेण्याच्या दिवशी मालकासोबत घरभर फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, नळ सोडून, पंखे लावून, इन्व्हर्टर चालवून, आणि तो व्हिडिओ लगेच दोन्ही बाजूंना पाठवायचा. तेव्हापासून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक करारात यादीपुढे ‘स्थिती’ असा एक रकाना ठेवते.

काकांच्या बाजूनेही एक गोष्ट वेगळी होऊ शकली असती. सिंहस्थाचं त्यांनी पहिल्या भेटीतच सांगितलं असतं, तर 30 दिवसांचं कलम जन्मालाच आलं नसतं. भाडेकरू पळून जाईल म्हणून त्यांनी ते झाकून ठेवलं. नाशिकमध्ये, विशेषतः पंचवटी, तपोवन, जुना आडगाव नाका या भागांत 2027पर्यंत घर घेणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःहून विचारावा: सिंहस्थात तुम्हाला घर हवंय का, आणि हवं असेल तर कोणत्या तारखेपासून? उत्तर काहीही येवो, त्या तारखेभोवती करार बांधता येतो.

एक गोष्ट अजून बाकी आहे. 31 मे 2027ला डिपॉझिटचा हिशेब व्हायचा आहे, अर्ध्या महिन्याच्या रंगासकट. सिंहस्थ आटोपल्यावर परत याच घरात यायचं का, यावर काका आणि नितीन यांच्यात बोलणं सुरू आहे. काकांनी तोंडी ‘या की’ म्हटलंय. वैशालीने मला विचारलं, ते आताच लिहून घ्यावं का. मी म्हटलं, भाडं आणि तारीख दोन्ही ठरलेली असतील तरच. नुसतं ‘प्राधान्य देऊ’ असं लिहून घेतलं, तर उद्या त्यावर बोट ठेवता येणार नाही. ती म्हसरूळला आजीच्या गल्लीतही एक घर बघून ठेवते आहे.